दुसऱ्याच कारखान्याचा भोंगा

तिकीट दीड युरोचं. सुटे नव्हते माझ्याकडे,
त्याच्याकडेही नव्हते. "जाताना द्या," फिर्मीनो म्हणाला
आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे निघाला,
एकेका दालनाचा दिवा लावत,
मी बाहेर पडले की मागचा मालवत.
बिल नगरपालिका भरते, तेही कुरकुरत.

सकाळपासून हे तिसरं संग्रहालय, सेतुबालमधलं.
पहिल्यात मीठ होतं. नुसतं मीठ, बरण्यांत,
बरण्यांवर सालं लिहिलेली,
जणू मीठही म्हातारं होतं.
दुसरं किल्ल्याच्या पोटात: दोन तोफा, एक नांगर
आणि एक बिनडोक्याचा संत.
डोकं दुरुस्तीसाठी लिस्बनला नेलंय, असं पाटी सांगते.
पाटीच पिवळी पडलीय आता.
राखणदार बाई टाके मोजत होती लेसचे,
तोंड अडकलेलं, म्हणून सुईनंच दाखवलं:
तिकडून सुरू करा.
मी उलटी फिरले. शतकं मागून पुढे आली,
कुणाचं काही बिघडलं नाही.

इथे सार्डिन मासे.
म्हणजे मासे नाहीतच, त्यांचे डबे.
डब्यांवर मिशाळ राजा, डोळा मारणारी पोरगी,
एक मांजर, ज्याला कुणी मासा दिलेला दिसत नाही.
काचेखाली सुऱ्या, डोकी उडवायच्या,
लाकडी मुठी झिजलेल्या,
प्रत्येक मूठ वेगळ्या अंगठ्यानं.
एकीला लाल दोरा गुंडाळलेला.
पाटीवर: "सुऱ्या, अंदाजे १९५०."
दोऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटच्या खोलीत भिंतीवर भोंगा.
बोटी कधीही यायच्या, फिर्मीनो सांगत होता,
(माझं पोर्तुगीज बाजारहाटापुरतं, तरी हे कळलं)
भरती काय घड्याळ बघते?
रात्री दोनला, तीनला, भोंगा वाजायचा
आणि गल्लीतल्या बायका उठायच्या.
सगळ्या नाही.
प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा;
जिचा तिला झोपेत ओळखू यायचा,
बाकीच्या कूस बदलायच्या.

त्यानं खिडकीतून गल्लीत पाहिलं,
जरा चोरट्यासारखं, आणि बटण दाबलं.
काचा थरथरल्या. छपरावरचे समुद्रपक्षी उडाले,
परत बसले.
कान अजून वाजत होते माझे
तोवर दारात काठी, मागून सपाता,
मागून कुश्तोदिया, नव्वदीची,
ॲप्रनला हात पुसत.

मला वाटलं, रडेल.
ती भांडायला आली होती.
"किती वेळा सांगू तुला? हा आमचा नाही.
हा पलीकडच्या मेल्यांचा. किंचाळणारा.
आमचा जाड होता."
आणि काठी टेकवून, डोळे मिटून,
तिनं गळ्यातून तो काढला,
खोल, लांब, वासरू हरवलेल्या गायीसारखा,
दम संपेपर्यंत.

फिर्मीनो म्हणाला, कागदावर तर तुमच्याच कारखान्याचं नाव आहे.
"भिंतीला कान असतात, बाबा," ती म्हणाली,
अगदी अशीच नाही, पण मला तसंच ऐकू आलं,
"कागदाला कुठले?"

मी सुऱ्यांकडे बोट केलं. लाल दोरा?
ती काचेजवळ गेली, इतकी जवळ
की काचेवर वाफ धरली.
"दोरा माझा," म्हणाली.
"सुरी माझी नाही."
मी वाट पाहिली. फिर्मीनोनंही पाहिली,
दिव्याच्या बटणावर हात ठेवून.
ती परत फिरली तेव्हा म्हणाली फक्त,
आज पावाचं दुकान लवकर बंद होतं.

पैसे द्यायचे राहिलेच.
दुसऱ्या दिवशी गेले, तर सोमवार. कुलूप.
एक युरो आणि पन्नास सेंट,
दोन्ही नाणी दाराखालून सरकवली.
एक लगेच पडलं.
दुसरं बराच वेळ घरंगळत राहिलं
आतल्या अंधारात.